होऊ घातलेल्या शिक्षकांचे संगणकशास्त्र

अमेरिकेतील इंडियाना राज्याने २०१८ साली एक कायदा केला आणि १ जुलै २०२१ पर्यंत राज्यातील प्रत्येक सरकारी शाळेने, बालवर्गापासून बारावीपर्यंत, संगणकशास्त्राचा आपल्या अभ्यासक्रमात समावेश केलाच पाहिजे असा दंडक घालून दिला. त्याआधी २०१५ साली आर्कान्सा राज्याने प्रत्येक सार्वजनिक माध्यमिक शाळेत हा विषय शिकण्याची सोय असावी असे कायद्याने ठरविले होते. आणि २०१६ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी 'सर्वांसाठी संगणकशास्त्र' ही योजना जाहीर करून तिच्याकरिता चार अब्ज डॉलरांची मागणी अंदाजपत्रकात केली होती. कायदा करणे विधिमंडळाच्या हाती असते, पण वर्गात उभे राहून तो विषय शिकविणारे माणूस कायद्याच्या कलमातून निर्माण होत नाही. त्याच २०१६ साली त्या अवाढव्य देशातील प्रशिक्षण संस्थांतून गणिताचे नवे शिक्षक बारा हजारांवर बाहेर पडले, आणि संगणकशास्त्राचे शिक्षक म्हणून तयार होऊन निघालेल्यांची संख्या पाऊणशेच्या आसपास होती.

याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. संगणकशास्त्राची पूर्ण पदवी घेतलेल्या तरुणास सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आरंभीच जे वेतन मिळते, ते शाळेतील शिक्षकास अनेक वर्षांच्या नोकरीनंतरही मिळेल याची शाश्वती नसते. सबब पूर्ण पदवीधरांतून शिक्षक मिळविण्याची कोणतीही तजवीज बहुधा कागदावरच राहते. व्यवहार्य वाट उरते ती अशी की, गणित, विज्ञान किंवा क्वचित भाषा शिकविण्याची तयारी करीत असलेल्या विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाच्या जोडीला संगणकशास्त्र हा दुय्यम विषय, ज्याला तिकडे आणि आता आपल्या विद्यापीठांतही 'मायनर' म्हणतात, घ्यावा. असा मायनर साधारणपणे पाच-सहा पाठ्यक्रमांचा आणि पंधरा ते वीस श्रेयांकांचा असतो. तो पुरा करून आणि नेमून दिलेली परीक्षा उत्तीर्ण होऊन पुष्कळ राज्यांत शिक्षकाच्या मूळ परवान्यावर संगणकशास्त्राचा पुरवणी शेरा मिळविता येतो, आणि गणिताचे शिक्षक त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने संगणकशास्त्राचेही शिक्षक होतात. या पाच-सहा पाठ्यक्रमांत काय असावे हा प्रश्न म्हणूनच वरकरणी दिसतो तितका किरकोळ नाही. शाळेच्या वर्गातील मुलांना हे शास्त्र कोणत्या रूपात भेटणार, याचा निर्णय त्या पाच-सहा नावांच्या यादीत दडलेला असतो.

बहुसंख्य विद्यापीठांत मायनरची घडण एका ठरावीक रीतीने झालेली आढळते. संगणकशास्त्र विभागाजवळ चार वर्षांच्या पदवीचा अभ्यासक्रम तयार असतो. त्यातील आरंभीचे पाठ्यक्रम उचलावयाचे, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा पहिला भाग, प्रोग्रॅमिंगचा दुसरा भाग, विविक्त गणित, विदासंरचना, आणि पुढे विद्यार्थ्याच्या आवडीचे वरच्या वर्गातील एक-दोन विषय घालून श्रेयांकांची बेरीज पुरी करावयाची, की मायनर सिद्ध झाला. या रचनेत कोणाचा दोष नाही, आणि तिच्यातील प्रत्येक पाठ्यक्रम आपल्या जागी उत्तम असू शकतो. परंतु ते सारे पाठ्यक्रम ज्या उद्देशाने रचले गेले तो उद्देश पुढे येणारा आहे: विदासंरचना शिकावयाच्या त्या तिसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपायलर समजावे म्हणून, आणि विविक्त गणित शिकावयाचे ते अल्गोरिदमच्या काटेकोर विश्लेषणाची पूर्वतयारी म्हणून. मायनरचा विद्यार्थी त्या तिसऱ्या वर्षापर्यंत कधीच पोचत नाही. चार मजली इमारतीचा भक्कम पाया घालावा आणि त्यावर एकही खोली न बांधता कुटुंबाला तेथे राहावयास सांगावे, तशी त्याची अवस्था होते.

दुसऱ्या बाजूने, शाळेला शिक्षकाकडून काय हवे असते ते पाहावे. २०१६ साली अमेरिकेतील शालेय संगणकशास्त्राकरिता जो सर्वमान्य आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात या शास्त्राचे पाच मूलभूत विभाग मानले आहेत: संगणकीय यंत्रणा, जाळी आणि इंटरनेट, विदा आणि तिचे विश्लेषण, अल्गोरिदम आणि प्रोग्रॅमिंग, व संगणनाचे समाजावरील परिणाम. पाचांतील एकाच विभागावर जुन्या मायनरचे जवळजवळ सारे श्रेयांक खर्ची पडलेले असतात. आपला संदेश पृथ्वीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला तुकड्यातुकड्यांनी कसा जातो, रुग्णालयाच्या नोंदींतून निष्कर्ष काढताना कोठे चूक होते, चेहरा ओळखणारी यंत्रणा काही समाजगटांच्या बाबतीत अधिक वेळा का फसते, हे प्रश्न शाळेतली मुले विचारणारच. आणि ज्या शिक्षकाने जोडयादी (लिंक्ड लिस्ट) उलटी करण्याच्या चार पद्धती घोटल्या, पण यांतील एकाही प्रश्नाचा विद्यापीठात कधी विचार केला नाही, त्याची त्या क्षणी होणारी कुचंबणा विद्यापीठाच्या कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही.

परंतु विषयांची ही व्याप्ती वाढविली म्हणजे मायनरच्या फेररचनेचे काम संपले, असे मला वाटत नाही. खरा मुद्दा याहून खोलवर आहे. ली शुलमन या शिक्षणशास्त्रज्ञाने १९८६ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, विषयाचे ज्ञान आणि शिकविण्याचे सर्वसाधारण कौशल्य या दोहोंच्या पलीकडे शिक्षकाजवळ एक तिसऱ्या जातीचे ज्ञान असते: विशिष्ट विषयातील विशिष्ट कल्पना मुलांना का अवघड जाते, ती कोणत्या रूपात मांडली असता सुगम होते, आणि मुले वर्गात येताना तिच्याविषयी कोणत्या समजुती घेऊन येतात, याचे ज्ञान. हे ज्ञान गणितज्ञाजवळ गणितज्ञ म्हणून नसते आणि केवळ अध्यापनकुशल माणसाजवळही नसते. गणिताच्या अध्यापनात अशा ज्ञानाचा साठा कित्येक पिढ्यांनी केलेला आहे; अपूर्णांकांची बेरीज करताना मूल अंशात अंश आणि छेदात छेद का मिळविते, हे गणिताच्या कोणत्याही अनुभवी शिक्षकास विचारावे. संगणकशास्त्राच्या बाबतीत हा साठा तरुण आहे, पण तो आहे, आणि जुन्या मायनरमध्ये त्याचा मागमूसही नसतो.

एक अगदी लहान उदाहरण जवळून पाहू. फळ्यावर चार ओळींची आज्ञावली लिहिली आहे: पहिली ओळ क = ५, दुसरी ख = ८, तिसरी क = ख, आणि चौथी ख = क. या चार ओळी संपल्यावर क आणि ख यांच्या किमती काय असतील, एवढाच प्रश्न. उत्तर आहे, दोन्ही ८. कारण तिसऱ्या ओळीने क मधील ५ पुसून तेथे ८ ची नक्कल ठेवली, आणि चौथ्या ओळीने ख मध्ये जे होते तेच पुन्हा ठेवले. आता एक मुलगी लिहिते की क आठ होईल आणि ख पाच. दुसरा मुलगा लिहितो की दोन्ही पाच. तिसरी मुलगी लिहिते की ख मध्ये ८ आहे आणि क रिकामा. चौथा काहीच लिहीत नाही आणि विचारतो की पाच आणि आठ समान नाहीत, मग तिसरी ओळ खोटी नाही काय? ज्याने केवळ प्रोग्रॅमिंग शिकले आहे त्याच्या लेखी ही चार चुकीची उत्तरे आहेत. तो चौघांनाही तेच बरोबर उत्तर पुन्हा एकदा, थोड्या मोठ्या आवाजात, समजावून सांगेल.

शिक्षक म्हणून तयार झालेल्या माणसाला मात्र या चार उत्तरांत चार निरनिराळी मने दिसली पाहिजेत. पहिल्या मुलीने आज्ञा वाचल्याच नाहीत, आज्ञांमागचा हेतू वाचला. दोन किमतींची अदलाबदल करावयाची असणार हे तिने बुद्धीने ताडले आणि यंत्रालाही ते कळेल असे गृहीत धरले. तिला हवा आहे फळ्यावरचा एक तक्ता, ज्यात प्रत्येक ओळीनंतर दोन्ही चलांची किंमत लिहिली जाईल आणि तिसऱ्या ओळीनंतर ५ कोठेही उरत नाही हे तिचे तिलाच दिसेल. दुसऱ्या मुलाने चिन्ह डावीकडून उजवीकडे वाचले, क ची किंमत ख मध्ये जाते असे मानले. त्याची विचारपद्धती सुसंगत आहे, दिशा तेवढी उलटी आहे. तिसऱ्या मुलीला वाटते की किंमत एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात वस्तूसारखी उचलून ठेवली जाते, म्हणून पहिले खोके रिकामे होते. आणि चलाला खोके म्हणावयास तिला बहुधा एखाद्या शिक्षकानेच शिकविलेले असते. चौथ्याने बीजगणित नीट आत्मसात केले आहे, आणि येथे तेच त्याच्या आड येत आहे; त्याच्यासमोर क = क + १ ही ओळ ठेवून हे चिन्ह विधान करीत नाही, आज्ञा देते, हे उघड करावे लागते. चार चुकांवर चार उपाय आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

या जातीच्या चुकांचा अभ्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. बेनेडिक्ट द्यु बुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली 'कल्पित यंत्र' ही संकल्पना मांडली: नवशिक्याला खऱ्या संगणकाची अंतर्रचना समजण्याची गरज नसते, पण आपल्या आज्ञा पाळणाऱ्या यंत्राचे एक सोपे व सुसंगत चित्र त्याच्या मनात असावेच लागते, आणि ते चित्र शिक्षकाने जाणीवपूर्वक द्यावे लागते, न दिल्यास मूल स्वतःचे चित्र तयार करते आणि ते बहुधा चुकीचे असते. १९८६ साली रॉय पी यांनी दाखविले की प्रोग्रॅमिंगची भाषा कोणतीही असो, नवशिक्यांच्या पुष्कळशा चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती ही की यंत्राच्या आत कोठेतरी आपले मनोगत जाणणारे मन दडलेले आहे. वरची पहिली मुलगी याच समजुतीच्या आहारी गेली आहे. शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्याने हे संशोधन मायनरमध्येच वाचले पाहिजे, असे माझे मत आहे. ते वाचलेला शिक्षक मुलाच्या वहीतील चूक पाहून चिडत नाही, तिच्याविषयी त्याला कुतूहल वाटते.

फेररचनेतील दुसरा मोठा बदल वाचन आणि लेखन यांच्या प्रमाणासंबंधीचा असावयास हवा. जुना मायनर प्रोग्रॅम लिहावयास शिकवितो. शिक्षकाचा दिवस मात्र इतरांनी, आणि तेही नवशिक्यांनी, लिहिलेले प्रोग्रॅम वाचण्यात जातो. शिवाय लेखनाच्या मार्गाने सर्वांना शिकविण्याचा अनुभवही फारसा उत्साहवर्धक नाही: २००१ साली मायकेल मॅक्रॅकन यांच्या पुढाकाराने चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना, ज्यांचे प्रोग्रॅमिंगचे पहिले शिक्षण पुरे झाले होते अशांना, एक प्रोग्रॅम लिहावयास दिला गेला, तेव्हा ११० पैकी सरासरी गुण तेविसांपर्यंतही पोचले नाहीत. पुढे २००४ साली रेमंड लिस्टर आणि सात देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की अनेक विद्यार्थ्यांना लिहिणे जमत नाही याचे कारण त्यांना आधी वाचणेच धड जमत नाही. ओळीमागून ओळ घेऊन किमतींचा माग काढण्यातच त्यांची गाडी अडते. यातून वर्गासाठी नवी साधने निघाली. २००६ साली न्यूझीलंडमधील डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी सुचविलेले कोडे त्यांपैकी एक आहे: बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून द्यावयाच्या आणि त्या योग्य क्रमाने लावावयास सांगावयाचे. तुलना करून पाहणाऱ्या अभ्यासांत असे आढळले आहे की या कोड्यांनी विद्यार्थी कमी वेळात तितकेच शिकतात. असे कोडे रचण्याकरिता कोणती चुकीची ओळ मुद्दाम मिसळावी हे ठरवावे लागते, आणि ते ठरविण्यासाठी मुले कोठे चुकतात हे ठाऊक असावे लागते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागेल तो प्रोग्रॅम क्षणात लिहून देऊ लागल्यापासून तर वाचनाचे, पारखण्याचे आणि दुरुस्तीचे महत्त्व वाढतच चालले आहे.

येथे संगणकशास्त्र विभागातून एक आक्षेप हमखास येतो, आणि तो प्रामाणिक असतो. या साऱ्याला जागा करण्यासाठी विदासंरचना किंवा विविक्त गणित कमी केले तर शिक्षकाचे विषयज्ञान पातळ होईल, आणि ज्याचे स्वतःचेच ज्ञान उथळ तो इतरांस काय शिकविणार? माझ्या समजुतीने या आक्षेपात काठिण्य आणि उपयुक्तता यांची गल्लत झालेली आहे. चार चुकीच्या उत्तरांमागील चार विचारपद्धती ओळखणे हे जोडयादी उलटी करण्याइतकेच, किंबहुना अधिक, बुद्धीचे काम आहे. तरीही आक्षेपातील ग्राह्य अंश सोडू नये: रिकर्शन, अल्गोरिदमला लागणाऱ्या वेळाचा अंदाज, आणि संगणकाने मुळातच सोडविता न येणारे प्रश्न असतात ही जाणीव, एवढे गाभ्याचे ज्ञान कोणत्याही शिक्षकापाशी असलेच पाहिजे. ते तीन पाठ्यक्रमांत विखरून ठेवण्याऐवजी एका पाठ्यक्रमात, शालेय उदाहरणांच्या आधाराने, नीट गोवता येते.

संदर्भ बदलल्याने काय साधते याचा एक बोलका दाखला अटलांटा येथील जॉर्जिया टेक या संस्थेत मिळतो. तेथे १९९९ पासून प्रत्येक विद्यार्थ्यास, मग त्याची शाखा कोणतीही असो, संगणनाचा एक पाठ्यक्रम सक्तीचा झाला, आणि साहित्य, वास्तुकला, व्यवस्थापन अशा शाखांतील विद्यार्थी त्यात मोठ्या संख्येने अपयशी होऊ लागले. उत्तीर्णांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास घुटमळत होते. २००३ साली मार्क गझडियल यांनी त्यांच्याकरिता चित्रे, ध्वनी आणि चलच्चित्रे यांवर प्रक्रिया करण्याच्या निमित्ताने प्रोग्रॅमिंग शिकविणारा वेगळा पाठ्यक्रम आखला, आणि यशस्वी होणाऱ्यांचे प्रमाण पंच्याऐंशी टक्क्यांच्या घरात गेले. चक्रे तीच, अटी त्याच, चलही तेच. विद्यार्थ्याला त्यात आपल्या आयुष्याशी नाते दिसले एवढाच फरक होता. भावी शिक्षकाच्या आयुष्याशी नाते असलेला संदर्भ म्हणजे शाळेचा वर्ग, आणि मायनरच्या पहिल्या दिवसापासून तो समोर असावा.

कोणती भाषा शिकवावी यावर अभ्यासमंडळांच्या बैठकांत तासन् तास वाद होतात. त्यावर थोडेच लिहितो. अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांची प्रगत पातळीवरील संगणकशास्त्राची परीक्षा १९८४ साली पास्कल भाषेत सुरू झाली, १९९९ साली ती सी प्लस प्लसमध्ये गेली, आणि २००४ पासून जावामध्ये. ऐंशीच्या दशकात नोकरीस लागलेल्या शिक्षकाने एका कारकिर्दीत तीन भाषा पाहिल्या. मायनरने एक भाषा पक्की करून द्यावी आणि दुसरी, शक्यतो ठोकळे जोडण्याच्या पद्धतीची, तिच्याशी ताडून पाहावयास लावावी, इतके पुरे.

खरी अडचण येते ती अंमलबजावणीत. विषय शिकविण्याची पद्धती सांगणारा पाठ्यक्रम कोणी घ्यावयाचा? संगणकशास्त्र विभागातील प्राध्यापकाने शाळेचा वर्ग बहुधा पाहिलेला नसतो, आणि शिक्षणशास्त्र विद्याशाखेतील प्राध्यापकाने प्रोग्रॅम लिहिलेला नसतो. श्रेयांक कोणाच्या खात्यावर पडणार आणि त्याबरोबर येणारा निधी कोणास मिळणार, हा प्रश्न त्यात भर घालतो. शिक्षकी पदवीच्या विद्यार्थ्याचे वेळापत्रक राज्याच्या नियमांनी आधीच खचाखच भरलेले असते, त्यामुळे मायनरमधील एकेका पूर्वअटीचा हिशेब त्याला द्यावा लागतो. कलनशास्त्राची एक अट काढून टाकली, तर इंग्रजी किंवा इतिहास शिकविणाऱ्या विद्यार्थ्यास जे दार बंद होते ते उघडते. आणि छात्रसेवाकाळात भावी शिक्षकाने ज्यांच्या वर्गात बसून पाठ पाहावयाचे, असे अनुभवी संगणकशास्त्र-शिक्षक आसपासच्या शाळांत नसतातच, कारण त्यांच्याच अभावी हा सारा खटाटोप सुरू झालेला असतो. काही ठिकाणी यावर शाळासुटीनंतरचे मंडळ, ग्रंथालयातील वर्ग, किंवा खुद्द विद्यापीठाच्या पहिल्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात सहायक म्हणून काम, असे उपाय योजले जातात. यांतला शेवटचा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोगशाळेत अडलेल्या नवशिक्याच्या शेजारी बसून, माऊसला हात न लावता, केवळ प्रश्न विचारून त्याला मार्गी लावण्याचा सराव कोणत्याही लेखी परीक्षेत मिळत नाही. २०२० साली अमेरिकेतील संगणकशास्त्र-शिक्षकांच्या संघटनेने शिक्षकांसाठी जी मानके सुधारून प्रसिद्ध केली, त्यांत विषयज्ञान हे पाचांतील एक मानक आहे. उरलेली चार समता व समावेश, शिक्षकाची व्यावसायिक वाढ, पाठाची आखणी आणि वर्गातील व्यवहार यांविषयीची आहेत. मायनरचा मसुदा या पाचांशी ताडून पाहिला की त्यातील उणिवा आपोआप डोळ्यांत भरतात.

हा प्रश्न आता महाराष्ट्राच्याही दारात आला आहे. १९८४ साली केंद्र सरकारने निवडक माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोचविले होते, तेव्हा यंत्रे आली आणि शिक्षकांच्या वाट्याला अल्पमुदतीचे प्रशिक्षण आले. अकरावी-बारावीच्या द्विलक्ष्यी अभ्यासक्रमात संगणकशास्त्र वर्षानुवर्षे शिकविले जाते. त्यात सी प्लस प्लसपासून ८०८५ मायक्रोप्रोसेसरपर्यंत बरेच काही आहे, आणि ते शिकविणाऱ्यांपैकी अनेकजण अभियांत्रिकीची किंवा संगणकाची पदवी घेऊन आलेले, म्हणजे विषयात तयार पण मुलांच्या चुकांच्या शास्त्राशी अपरिचित असे असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणण्याचे ठरविले, २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि त्याच धोरणानुसार आपल्या विद्यापीठांत मेजर-मायनरची रचना रुजू लागली आहे. म्हणजे अभ्यासमंडळांसमोर कोरा कागद आहे, आणि त्यावर बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या चार पेपरांची नावे उतरवून मोकळे होण्याचा मोह तितकाच मोठा आहे. मुंबईच्या आयआयटीत 'कॉम्प्युटर मस्ती' हा शालेय अभ्यासक्रम प्राध्यापक श्रीधर अय्यर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला, त्यात संगणकाच्या वापरापेक्षा विचारपद्धतीवर भर आहे. भावी शिक्षकांनी मायनरमध्ये हाताळावे असे साहित्य येथे घडलेले आहेच. नाही ती आपल्या मुलांच्या चुकांची नोंद. वर सांगितलेले संशोधन बहुतांशी इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मराठी माध्यमाची मुलगी त्या चार ओळी कशा वाचते, तिच्या मनातील यंत्र कसे असते, हे अजून कोणीतरी वर्गावर्गांत बसून लिहून काढावयाचे आहे. मायनरच्या शेवटच्या सत्रात प्रकल्पाचे श्रेयांक राखलेले असतात. प्रत्येक विद्यार्थ्याने एका शाळेत जाऊन मुलांना असे पाच-सहा प्रश्न द्यावे, उत्तरे आणि त्यांमागील मुलांची स्पष्टीकरणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी, आणि ती विद्यापीठाने एकत्र जपून पुढल्या तुकडीला वाचावयास द्यावी, एवढी तरतूद पहिल्याच मसुद्यात करता येण्याजोगी आहे.